बाराची घंटा

वनखात्याची जीप सकाळीच भोंगा लावून गेली :
वाघीण पिल्लांसोबत आहे, मोहफुलं वेचायला एकटे जाऊ नका,
नागरिकांनी पॅनिक होऊ नये.
मग तीच ओळ पुलापलीकडून, अर्धी वाऱ्यात.

मल्लाजी येग्गेवार फाटकाशी थांबला,
मागे पंचेचाळीस मेंढ्या, सात बकऱ्या.
'मॅडम, तुमी इंग्रजी शिकवता.
हे पॅनिक कोनतं जनावर व्हय?'

मी म्हटलं, भीती. घाबरणं.
'मंग भीती म्हना ना. एकाच गोष्टीले
दोन दोन शब्द कायले लागते?'

सातवीची अर्धी मुलं मोहाखाली होती, तास तसा रिकामाच.
कपाटातला जाड कोश काढला.
एमपर्यंत वाळवीनं खाल्लाय, पी अजून शाबूत.

वाचत गेले आणि सांगत गेले, जमेल तसं :
ग्रीस नावाच्या डोंगराळ मुलखात
एक देव होता, पान नावाचा.
कमरेखाली बोकड, वर माणूस, डोक्यावर शिंगं.
कळपांचा, रानाचा, बोरूच्या पाव्याचा.
दुपारी तो झोपायचा झाडाखाली,
आणि तिथले मेंढपाळ त्या वेळी पावा ओठाला लावत नसत.
झोपमोड झाली की तो असा ओरडे
की अख्खा कळप कड्याकडे सुटे,
कशाला घाबरलो ते एकाही मेंढीला ठाऊक नसताना.
ती भीती पानची. म्हणून पॅनिक.

वाटलं, हसेल.
त्यानं तंबाखू मळली, चुना पुसला धोतराला.
'शिंगं मागं वळलेली का सरळ?'
कोशात नव्हतं.
'देऊळ आहे का त्याचं?'
असलं तर पडलेलं असेल, म्हटलं.
'मंग त्याले नैवेद कोन दावते आता?'

तेही कोशात नव्हतं.

मग तो फाटकाच्या दगडावर टेकला.
'माह्या लग्नाच्या सालची गोष्ट.
टेंभराखाली बसलो होतो, ऊन डोक्यावर.
वारा नाई, वाघ नाई, पान हालत नाई.
अना साठ मेंढ्या एकदम उठल्या,
नाल्यात गेल्या एकमेकीवर. अकरा मेल्या.
गाव म्हने वाघ. मी म्हनलो वाघ नोय.
वाघाले वास असते, पाय असते, मागं खून असते.
वाघाची भीती म्हनजे हिसाब आहे, मॅडम.
हे बिनहिसाबाचं होतं.'

मी कोश मिटला.
मागच्या वर्षी नागपूरला, प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये,
पंखे चालू, चहा आलेला, कुणीतरी मूल्यमापनावर बोलत होतं,
आणि माझी छाती एकदम नाल्याकडे सुटली होती.
डॉक्टरनं चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले, पहिला हाच.
घरी सांगितलं, पित्त झालं.

मल्लाजीला मी हे सांगितलं नाही.
विचारलं फक्त, 'मग तुम्ही काय केलंत?'

'काय करनार? खाली बसलो.
उभ्या मानसाले पाहून जितराब आनखी पळते.
बसलो, अना रोजच्यासारखं हू हू करत राह्यलो,
जशी काई सांजच झाली.
एकोनपन्नास परत आल्या.'

त्यानं काठी उचलली. मेंढ्या उठल्या,
धूळ उठली, बकऱ्यांनी कुंपणातली शेवटची मेंदी ओरबाडली.
चार पावलं जाऊन तो वळला.

'एक काम करा. बाराची घंटा जरा हरू वाजवत जा.
मी तवा नाल्यापाशी असतो.'

घंटेचं काम प्रणोती कुळमेथेकडे आहे, पाचवीत आहे ती,
दोन्ही हातांनी, सगळ्या अंगानं बडवते.
तिला सांगितलं, बाराची हलक्या हातानं.
का, असं तिनं विचारलं.
कोणीतरी झोपलंय, म्हटलं.
तिनं खिडकीतून बराच वेळ टेंभराकडे पाहिलं
आणि ठोका टाकला,
पाण्याच्या घागरीवर नख वाजवावं एवढाच.